माइक हातात धरून हार्मोनिकाचा शेक: सूर असमान का पडतात?

परळचा_हार्पवाला

नमस्कार मंडळी. जाणकारांकडून नेमकं मार्गदर्शन हवंय.

वाद्य: दहा होलचा डायटॉनिक हार्प (हार्मोनिका), ए की, सेकंड पोझिशन, म्हणजे २ नंबरचं होल ओढून येणाऱ्या सुराला सा धरून, गाणं ई मध्ये. नुसता हार्प हातात असला की ४-५ ड्रॉचा शेक (श्वास आत ओढत दोन शेजारच्या होलांवर वेगाने ये-जा) नीट लागतो. दोन्ही सूर सारखे येतात, लयही सुटत नाही. माइक हातात आला की बिघडतं. तीन तक्रारी आहेत.

एक, ५ चा सूर रेंगाळतो आणि ४ चा नुसता चाटून जातो. वेग वाढवला की ४ ऐकूच येत नाही.

दोन, सुरांच्या मागे बारीक 'टक टक टक' असा आवाज येतो, शेकच्याच लयीत.

तीन, शेक सुरू असताना आवाज एकदा जाड, एकदा पातळ होतो. अ‍ॅम्प चढवलेला असेल तर मध्येच शिट्टी.

माइक दोन आहेत: स्टेजवर सगळीकडे मिळतो तो शुअर एसएम५८, आणि शुअर ५२० डीएक्स, म्हणजे ग्रीन बुलेट. अ‍ॅम्प तासावर मिळणाऱ्या रिहर्सल रूममधला, साधा ट्रान्झिस्टरवाला गिटार अ‍ॅम्प. गणपतीतल्या कार्यक्रमांना थेट पीए, म्हणजे कार्यक्रमाची ध्वनियंत्रणा.

यूट्यूबवर निम्मे म्हणतात डोकं हलवा, निम्मे म्हणतात हात हलवा. माइक स्थिर ठेवून आत फक्त हार्प सरकवायचा, असंही एकाने लिहिलंय. खरं काय? आणि ५८ कप करून (दोन्ही पंजांत बंद करून) धरला की साउंडवाला लांबूनच हातवारे करतो, त्यावर काही उपाय?

---

बेंडिंगबुवा

आधी तिसरा पर्याय निकालात काढू. माइक स्थिर आणि आत हार्प सरकतोय, हे करूच नका. तुमच्या तीनपैकी दोन तक्रारी तिथूनच येत असणार. हार्प कपच्या आत सरकला की कव्हर प्लेट (हार्पचं धातूचं झाकण) माइकच्या जाळीवर घासते किंवा आपटते, तीच तुमची टकटक. आणि हार्प सरकायला जागा हवी म्हणून बोटं थोडी सैल पडतात, कपला फट पडते, आवाज पातळ होतो. हार्प परत आला की फट मिटते, आवाज पुन्हा जाड. शेकच्या प्रत्येक फेरीत हे एकदा घडतं.

नियम एकच: हार्प, माइक आणि दोन्ही पंजे मिळून एक वस्तू. त्या वस्तूच्या आत काहीही हलायचं नाही. हलायचं ते एकतर ही अख्खी वस्तू, नाहीतर तोंड.

पकड अशी. हार्पची डावी बाजू डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत, तर्जनी वरच्या कव्हर प्लेटच्या मागच्या कडेवर, पुढे ओठांना जागा मोकळी. बुलेट हार्पच्या पाठीमागे, डाव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांत. माइकची जाळी आणि हार्पची पाठ यांच्यात एका बोटाच्या जाडीएवढं अंतर ठेवा, दीडेक सेंटिमीटर. हे अंतर म्हणजेच कपमधली हवेची खोली. माइक हार्पला चिकटवला की ही खोली नाहीशी होते, आवाज बोदा होतो आणि धातूवर धातू वाजतो. डाव्या मधल्या बोटाचं पेर दोघांच्या मध्ये येईल असं बसवलं तर टकटक तिथेच थांबते. मग उजवा पंजा बाहेरून गुंडाळायचा: दोन्ही तळव्यांच्या टाचा खाली एकमेकींना चिकटलेल्या, उजवी बोटं डाव्या बोटांच्या पाठीवर, उजवा अंगठा हार्पच्या उजव्या टोकाशी.

गळती बहुतेक दोन जागी असते. एक तळव्यांच्या टाचांमध्ये खाली, दुसरी उजव्या करंगळीच्या बाजूला. तपासायची असेल तर अ‍ॅम्प हळू ठेवून ४ ड्रॉ लांब ओढा आणि उजवा पंजा उघड-मीट करा. मिटल्यावर आवाज ठळकपणे मोठा आणि जाड व्हायला हवा. जेमतेम फरक पडला तर फट आहे. हे जमल्याशिवाय शेककडे वळू नका.

आता ५ का रेंगाळतो ते. दोन होलच्या मध्यबिंदूंतलं अंतर साधारण साडेसात मिलिमीटर. तेवढ्यासाठी नुसता हार्प हलवणं काहीच नाही. ५८ चं वजन २९८ ग्रॅम, बुलेट त्याहून बराच जड, वर केबलची ओढ. जड वस्तू एका दिशेने गेली की थांबवून उलटी फिरवायला वेळ लागतो, आणि ज्या टोकाला हाताचा जोर कमी तिथे ती जास्त थांबते. त्यात बहुतेक जण ४ वर तोंड लावून सुरुवात करतात आणि ५ कडे 'जातात'. मग ४ हे घर आणि ५ हा प्रवास असा हिशोब होतो. वेग वाढला की घर हळूहळू ५ कडे सरकतं आणि ४ सुटतो.

त्याऐवजी सुरुवात मधल्या भिंतीवर करा. ४ आणि ५ दोन्ही एकदम वाजतील अशा जागी तोंड ठेवा, दोन्हींचा जोर सारखा आहे हे ऐका, आणि तिथून दोन्ही बाजूंना पावणेचार-पावणेचार मिलिमीटर. एवढंसं हलणं पुरतं. डोळ्यांना दिसेल इतका हात हलत असेल तर बहुधा ३ किंवा ६ ला धक्का लागतोय.

हाताने करायचं तर कोपर बरगड्यांना टेकवा. डावं मनगट बिजागरी आणि ढकलणारा उजवा तळवा. खांद्यातून हलवलं तर मिनिटभरात हात भरून येतात.

ओठ: हार्प आत खोल, ओठांच्या आतल्या ओल्या भागावर. पुढच्या कोरड्या भागावर धरला की ओठ हार्पबरोबर ओढले जातात, हार्प हलतो पण होल बदलतच नाही. ओठ घट्ट आवळल्यानेही तेच होतं. सराव करण्याआधी चूळ भरा. वडापाव खाऊन लगेच वाजवलं की ओठ चिकटतातच, शिवाय रीडवर (सूर देणाऱ्या पट्टीवर) काय जाऊन बसतं ते कव्हर उघडल्यावर दिसतं. व्हॅसलीन किंवा लिप बाम नको, तेही आत जातं.

श्वास एकसंध ओढायचा, पोटातून. प्रत्येक सुराला वेगळा झटका द्यायचा नाही. एकच लांब ड्रॉ चालू आहे आणि होल त्याच्यासमोरून ये-जा करतायत, असं असलं पाहिजे.

सरावाला मेट्रोनोम ६० वर. आधी मात्रेत दोन सूर, मग तीन, मग चार, मग सहा. तीनच्या पायरीवर सर्वात जास्त वेळ द्या. मात्रेत दोन, चार किंवा सहा सूर घेतले की दर मात्रेवर ४ च येतो आणि चूक लपते. तीन घेतले की एका मात्रेवर ४ आणि पुढच्या मात्रेवर ५ येतो. ५ वरची सम डगमगली तर लगेच कळतं. हे सगळं माइक हातात धरून, पण अ‍ॅम्प बंद ठेवून करा. शेवटचं लक्ष्य लय ८० ला मात्रेत सहा सूर, म्हणजे सेकंदाला चार पूर्ण फेऱ्या. ब्लूजच्या मध्यम लयीला तेवढं भरपूर झालं.

---

डोंबिवली_फास्ट

बुवांची पकड शंभर टक्के मान्य, पण बुलेटवर हाताने शेक करायला सांगणं मला पटत नाही. एवढं वजन सेकंदाला चार वेळा मागेपुढे करताना कप सील राहणं कठीण. पहिल्यांदा सुटते ती तळव्यांच्या टाचांमधली जागा, कारण ढकलणारा हात आणि झाकणारा हात एकच आहे. बुलेट असेल तर हात थंड ठेवा आणि मान वापरा.

लोक डोकं हलवायला घाबरतात, कारण स्टेजवर कोणाला तरी जोरजोरात डोकं हलवताना पाहिलेलं असतं. निम्मं तर प्रेक्षकांसाठी असतं ते. हिशोब करून बघा: मान वळते तो अक्ष ओठांपासून अंदाजे बारा सेंटिमीटर मागे. तिथून ओठांपाशी साडेसात मिलिमीटर सरकायला मान साडेतीन अंशांच्या आसपास वळली की झालं. आपण 'नाही' म्हणताना मान वळवतो त्याच्या कितीतरी कमी. शेजारी बसलेल्यालाही जेमतेम दिसेल.

वळण फक्त 'नाही'चं हवं. कान खांद्याकडे झुकवायचा नाही. तसं केलं की हार्प तोंडात तिरका होतो, एका टोकाला ओठ उचलला जातो आणि हवा सुटते. हनुवटी एकाच पातळीत. आरशासमोर उभं राहून नाकाचा शेंडा बघा, तो आडव्या रेषेतच फिरला पाहिजे.

मान वळली की तोंड सरळ रेषेत न जाता किंचित कमानीत जातं, पण एवढ्या छोट्या कोनात तो फरक नगण्य. मोठ्या कोनात मात्र ओठांचा एक कोपरा सुटतो. म्हणूनही हालचाल लहान.

दोन इशारे. गरगरल्यासारखं झालं की लगेच थांबा, सराव पंधरा-वीस सेकंदांच्या तुकड्यांत करा. आणि ज्यांना मानेचा स्पाँडिलायटिस आहे त्यांनी हा मार्गच घेऊ नये, त्यांच्यासाठी हलका माइक आणि बुवांची हाताची पद्धत.

तिसरा मार्गही आहे आणि बरेच मुरलेले वादक नकळत तोच वापरतात: हात आणि मान एकमेकांच्या उलट दिशेला, प्रत्येकी अर्धं अंतर. दोन्हीकडे पावणेचार मिलिमीटर म्हणजे कुठेच ताण नाही. पण हे मुद्दाम शिकायला जाऊ नका. आधी एक पद्धत स्वच्छ करा, दुसरी मिसळायला लागली तर मिसळू द्या.

केबलबद्दल: ५२० डीएक्सची केबल माइकलाच कायमची जोडलेली असते, साधारण सहा मीटर, टोकाला पाव इंची जॅक. ती हातातून सरळ खाली लोंबकळत ठेवली तर तिचं वजन शेकच्या प्रत्येक फेरीत माइक खाली खेचतं. पट्ट्यातून एक वळसा घेऊन वर आणा, माइक आणि पट्टा यांच्यात केबल सैल राहील एवढी. टकटक तरीही राहिली तर बोटातली अंगठी आणि मनगटातलं कडं काढून बघा. जाळीवर अंगठी घासल्याचा आवाज कव्हर प्लेटच्या आवाजासारखाच येतो.

---

परळचा_हार्पवाला

दोघांचे आभार. अंगठी हा प्रकार डोक्यातच आला नव्हता. ५८ ला हात आणि बुलेटला मान, असं धरून चालतो.

शिट्टीचं राहिलं. आणि एक नवीन शंका: ४-५ ड्रॉचा शेक स्वच्छ अ‍ॅम्पवर छान वाटतो, पण गेन (सिग्नलची वाढ) वाढवून आवाज फाडला की खाली एक बेसूर घरघर ऐकू येते. ३-४ ड्रॉवर ती वेगळ्याच सुरात येते. हार्प ली ऑस्कर ब्रँडचा आहे. रीड खराब झाली का?

---

रीडट्यूनर

रीड ठीक आहे. तुम्ही जी घरघर ऐकताय तो फरकाचा सूर. दोन सूर एकाच वेळी फाटलेल्या अ‍ॅम्पमधून गेले की त्यांच्या कंपनसंख्यांची वजाबाकी होऊन तिसरा सूर तयार होतो. स्वच्छ अ‍ॅम्पमध्ये तो जवळजवळ नसतोच, गेन वाढवला की उघडा पडतो.

गाणारे-वाजवणारे लोक आहात म्हणून सरगममध्ये सांगतो. सेकंड पोझिशनला २ ड्रॉ हा सा. ३ ड्रॉ ग, ४ ड्रॉ प, ५ ड्रॉ कोमल नी. म्हणजे ३-४ चा शेक ग-प चा आणि ४-५ चा प-नी॒ चा.

होनरच्या मरीन बँडवर (हे मॉडेल १८९६ पासूनचं) जुन्या काळी हे चार सूर ४:५:६:७ या प्रमाणात लावलेले असत. ग तानपुऱ्यात ऐकू येतो तसा, हार्मोनियमच्या गंधारापेक्षा उतरलेला, आणि नी॒ हार्मोनियमच्या कोमल निषादापेक्षा तब्बल ३१ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) खाली. एकट्याने वाजवला तर उतरलेला वाटेल, पण जोडीत बसतो. आता वजाबाकी करा: ५ वजा ४ एक, ६ वजा ५ एक, ७ वजा ६ एक. कुठलेही दोन शेजारी होल घ्या, फरकाचा सूर तोच येतो, आणि तो म्हणजे तुमच्या सा च्या दोन सप्तकं खालचा सा. ए हार्पवर २ ड्रॉ आहे ३२९.६ हर्ट्झ, त्याचा चौथा भाग ८२.४. गिटारच्या सर्वात जाड तारेचा मोकळा सूर. म्हणजे तुम्ही वर शेक वाजवताय आणि खाली अ‍ॅम्प आपणहून षड्ज धरतोय. जुन्या इलेक्ट्रिक ब्लूज रेकॉर्डिंगमधला तो भरदार शेक ऐकताना या हिशोबाची आठवण ठेवा.

ली ऑस्कर समान-अंतराच्या ट्यूनिंगचा असतो, हार्मोनियमसारखा. तिथे ३ ड्रॉ ४१५.३, ४ ड्रॉ ४९३.९, ५ ड्रॉ ५८७.३ हर्ट्झ. ३-४ चा फरक ७८.६, ४-५ चा ९३.४. एक षड्जाच्या खाली, दुसरा षड्जाच्या वर एका स्वराहून अधिक. दोन्ही बेसूर, आणि दोन्ही वेगळे. तुमच्या कानाने अगदी बरोबर पकडलंय. (फरकाचा सूर अ‍ॅम्पमध्ये तयार होतो, त्यामुळे बुलेट १०० हर्ट्झच्या खालचं फारसं घेत नाही याने काही बिघडत नाही. स्पीकर आठ इंची असेल तर मात्र तो अर्धवटच ऐकू येईल.)

उपाय तीन, सोपा आधी. ओठ अरुंद करा. फरकाचा सूर दोन्ही सूर एकत्र वाजतात तेवढ्याच क्षणी येतो. बुवांनी सांगितलेली मधली भिंत ही सुरुवात करायची जागा आहे, शेक चालू झाल्यावर ४ आणि ५ वेगळे ऐकू आले की घरघर निम्म्याने कमी होते. दुसरा, गेन उतरवा. तिसरा, फाटलेल्या आवाजासाठी वेगळा हार्प ठेवा. आताचा मरीन बँड किंवा होनरचाच स्पेशल २० तडजोडीच्या ट्यूनिंगचा असतो, जुन्याइतका शुद्ध नाही, पण समान-अंतराच्या हार्पपेक्षा अ‍ॅम्पवर बराच गोड. ली ऑस्कर एकेका सुराच्या धुनेला उत्तम, त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

पावसाळ्यात लाकडी कोम्बचा (कोम्ब म्हणजे होलं असलेला मधला भाग) बिनसील हार्प नको. पेअरवुड ओलं होऊन फुगतं, दात बाहेर येतात आणि शेक करताना ओठ सोलवटतो. सीलबंद लाकूड किंवा स्पेशल २० सारखा प्लास्टिक कोम्ब घ्या. स्पेशल २० मध्ये रीड प्लेट कोम्बच्या आत बसवलेल्या असतात, ओठाला धातूची कड लागत नाही, त्यामुळे शेकला तो सरकतोही छान.

---

साउंडचेक_गिरगाव

शिट्टी आणि साउंडवाला हे माझ्या बाजूचं खातं.

५८ एका दिशेने ऐकणारा माइक. समोरचं घेतो, मागचं टाळतो, आणि हे तो जाळीखालच्या मागच्या फटींमुळे करतो. तुम्ही हाताने त्या फटी झाकल्या की तो चहूबाजूंनी ऐकायला लागतो. पूर्ण बंद कपात याने फार बिघडत नाही, कारण बाहेरचा आवाज तुमचे पंजेच अडवतात. अर्धवट उघडा कप सर्वात वाईट: फटी झाकलेल्या, समोर मात्र वाट मोकळी. मॉनिटरचा आवाज आत शिरतो आणि शिट्टी वाजते. शेक करताना तुमचा कप क्षणभर उघडतोय, शिट्टी नेमकी तेव्हाच येत असणार. डोंबिवलीकरांचा मानेचा उपाय याचंही औषध आहे.

गायकाच्या मापाने लावलेल्या चॅनलवर कप केलेला हार्प आला की लेव्हल एकदम उसळते, म्हणून साउंडवाला हातवारे करतो. कार्यक्रमाआधी त्याला जाऊन सांगा, "कप करून वाजवणार आहे, एक चॅनल वेगळा द्या," आणि साउंडचेकला प्रत्यक्ष कप करून, सर्वात जोरातला शेक वाजवून दाखवा. त्याने गेन त्या शेकवर लावावा. खालचं १२० हर्ट्झच्या आसपास कापावं, वरचं ५ किलोहर्ट्झनंतर उतरवावं, आणि तुमच्या समोरच्या मॉनिटरमध्ये हार्प शक्य तितका कमी द्यावा. मॉनिटरवर लोभ धरलात तर शिट्टी ठरलेली.

स्वच्छ आवाज चालणार असेल तर कपचा हट्ट सोडा. ५८ स्टँडवर, हार्प त्याच्यापासून पाच ते दहा सेंटिमीटरवर, दोन्ही हात मोकळे. मग हाताने हवा तसा शेक करा, टकटक नाही, शिट्टी नाही.

रिहर्सल रूममधल्या अ‍ॅम्पसाठी: क्लीन चॅनल, ट्रेबल २-३, मिड ५-६, बास ६. रिव्हर्ब अगदी कमी आणि डिले त्याहून कमी, नाहीतर ४ आणि ५ एकमेकांवर सांडतात आणि तुम्ही मेट्रोनोमवर केलेली मेहनत कोणाला कळत नाही. व्हॉल्यूम ठरवताना कप उघडा ठेवून माइक अ‍ॅम्पकडे पाठ करून धरा, शिट्टी सुरू होईपर्यंत वाढवा, तिथून थोडा मागे या. अ‍ॅम्प पाठीमागे थेट नको, बाजूला ठेवा. पुढे कधी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प मिळाला तर पहिल्या टप्प्यातला १२एएक्स७ व्हॉल्व्ह काढून त्या जागी १२एवाय७ बसवून बघा. त्याची वाढ निम्म्याहून कमी, शिट्टी बरीच उशिरा येते. व्हॉल्व्ह बदलताना प्लग काढलेला आणि काच थंड झालेली हवी, आणि चॅसिस उघडायची नाही. आतले कपॅसिटर वीज बंद झाल्यावरही झटका देतात.

५८ गिटार अ‍ॅम्पला लावताना साधी एक्सएलआर-जॅक केबल वापरत असाल तर आवाज मेलेला येतो. माइक कमी इम्पीडन्सचा (विद्युत अवरोधाचा), अ‍ॅम्पचं इनपुट जास्त इम्पीडन्सचं. मध्ये मॅचिंग ट्रान्सफॉर्मर हवा, शुअरचाच ए९५यूएफ येतो. बुलेटला त्याची गरज नाही, तो मुळातच जास्त इम्पीडन्सचा आहे. जॅक, कनेक्टर, सोल्डरिंगची किरकोळ कामं लॅमिंग्टन रोडवर होऊन जातात.

वाद्यवृंदात गायकाचा कॉर्डलेस हातात दिला तर एक लक्षात ठेवा: बऱ्याच कॉर्डलेस माइकची अँटेना खालच्या टोकाला असते. कप करताना दुसरा हात खाली गेला की सिग्नल तुटतो आणि सगळे बॅटरीला दोष देतात.

---

ट्रेमोलोप्रेमी_दादर

मध्येच घुसतोय. आपल्याकडे निम्म्या लोकांच्या घरात डायटॉनिक नसून ट्रेमोलो असतो, त्यावर हाच शेक बसेल का?

---

बेंडिंगबुवा

सरळ नाही बसणार. ट्रेमोलोत फुंकण्याचे आणि ओढण्याचे रकाने आळीपाळीने असतात. एका ओढण्याच्या सुरावरून शेजारी सरकलात की फुंकण्याचा रकाना लागतो आणि ओढताना तो गप्प राहतो. पुढचा ओढण्याचा सूर दोन घरं पलीकडे. शेक होतो, पण अंतर मोठं, मध्ये खड्डा, आणि प्रत्येक सुराच्या दोन रीडचं थरथरणं आधीच चालू असल्याने फार उठावदारही होत नाही. माइकवर तर आणखी गढूळ. संथ ये-जा करा, घाई नको.

क्रोमॅटिकवर (बटणवाल्या हार्पवर) शेजारच्या होलचा शेक चालतो, फक्त ४-५ आणि ८-९ ब्लो (फुंकून) टाळा. दोन्हीकडे तोच सा आहे, काहीच हलणार नाही. क्रोमॅटिकवर बटणाचा अर्ध्या स्वराचा खटका घेता येतो, त्यात हार्प आणि माइक दोन्ही जागच्या जागी राहतात.

---

परळचा_हार्पवाला

ओठ अरुंद करून घरघर खरंच कमी झाली. शेवटचा प्रश्न: जुना अ‍ॅस्टॅटिक जेटी-३० माइक मिळतोय, बुलेटपेक्षा हलका वाटला. शेकसाठी घ्यावा का?

---

रीडट्यूनर

आत काय आहे त्यावर ठरेल. मूळ जेटी-३० मध्ये क्रिस्टल एलिमेंट (आवाज पकडणारा भाग) असतो, रोशेल सॉल्टचा. ते मीठ दमट हवेत ओलं होतं, फार कोरड्यात सुकून मरतं, आणि ५५ अंशांच्या आसपास कायमचं बिघडतं. मुंबईचा जुलै आणि उन्हात उभी असलेली गाडी, दोन्ही त्याचे शत्रू. तपासताना कप न करता साधं बोलून बघा. आवाज बारीक, खोल विहिरीतून आल्यासारखा आला तर एलिमेंट संपलाय, मग किंमत फक्त कवचाची द्या. नंतर त्यात डायनॅमिक किंवा कंट्रोल्ड मॅग्नेटिक एलिमेंट बसवता येतो, पण जाळीमागचं रबराचं गॅस्केट ठीक आहे ना ते आधी बघा. ते कडक झालेलं असेल तर शेकच्या प्रत्येक फेरीत एलिमेंट आत हलेल आणि तुमची टकटक परत येईल. एलिमेंट जिवंत असेल तर घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची एकच छोटी पुडी टाकून ठेवा, आणि वाजवून झाल्यावर लगेच डब्यात कोंबू नका. तोंडाची वाफ जाळीतून उडून जायला अर्धा तास द्या.